आरएफआयडी पाउच की शिंप्याचा चोरखिसा? परदेशवारीच्या ‘सेफ्टी’ सामानाचं परीक्षण

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की जळगावच्या गोलाणी मार्केटात आणि बॅगांच्या दुकानांत ‘ट्रॅव्हल सेफ्टी’चा माल दर्शनी भागात टांगला जातो. आरएफआयडी पाउच, गळ्यातली पासपोर्टची पिशवी, कमरेचा पट्टा, लाल चिन्हाचं टीएसए कुलूप, लोकेशन टॅग. धुळे, भुसावळ, नंदुरबारला मालही साधारण हाच, निवड तेवढी कमी. टॅग सोडला तर एका माणसाचा सगळा सेट दीड-दोन हजारांत बसतो. त्यातलं निम्मं घ्यायची गरज नाही. आणि जे खरोखर लागतं, त्यातलं बरंचसं या दुकानांत मिळतच नाही, ते शिंप्याकडे आणि बँकेच्या ॲपमध्ये आहे.

आधी सगळ्यात जास्त खपणारी वस्तू, आरएफआयडी पाउच, म्हणजे कार्डाच्या रेडिओलहरी अडवणारी पिशवी. दुकानदार सांगतो की चोर नुसता शेजारून गेला तरी कार्डातले पैसे काढतो. टॅप करून चालणारं कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झवर बोलतं आणि त्याचा पल्ला जेमतेम ४ सेंटीमीटर. चोराने यंत्र अगदी खिशाला चिकटवलंच, तरी कार्डाची चिप प्रत्येक व्यवहाराला एकदाच चालणारा नवा कोड देते, त्यावरून दुसरं कार्ड बनवता येत नाही. कार्डाचा नंबर आणि मुदत वाचता येते हे खरं, पण मागचा तीन आकडी सीव्हीव्ही हवेतून मिळत नाही. नव्या ई-पासपोर्टचं तसंच. मुखपृष्ठावर सोनेरी चिन्ह असलेल्या या पासपोर्टातली चिप उघडायला आतल्या पानावर छापलेला पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि मुदत आधी यंत्राला द्यावी लागते. बंद पासपोर्टातून काही वाचता येत नाही.

मग पाउच निरुपयोगी? अडवण्याचं काम बहुतेक पाउच करतात, फक्त अडवण्यासारखं फारसं काही नसतं. स्वस्त पाउचमध्ये धातूचा थर अस्तराला नुसता चिकटवलेला असतो. रोजच्या घडीवर तो तडकतो, आणि मागच्या कप्प्याला तर पुष्कळदा थर नसतोच. तपासायचं असेल तर कार्ड पाउचमध्ये ठेवून ओळखीच्या दुकानात मशीनला लावून बघा, दोन्ही बाजूंनी. पाउच कापड आणि शिलाई बघून घ्या. ‘आरएफआयडी’ या शब्दासाठी दीडशे-दोनशे जास्त देऊ नका.

गळ्यातली पिशवी, साधारण २५० ते ५०० रुपये. हिचा दोष असा की मानेवरची दोरी शर्टाच्या कॉलरबाहेर दिसते आणि दोरी दिसली की माल कुठे आहे ते कळतं. दोरी जिथे पिशवीला शिवलेली असते तिथेच ती आधी उसवते, म्हणून घेताना तिथे जोरात ओढून बघावं. विमानतळावर तपासणीला ती काढून ट्रेमध्ये ठेवावी लागते आणि मागे रांग असल्यावर नेमकी तीच विसरते. नाही घेतली तरी चालेल.

कमरेचा सपाट पट्टा त्याहून बरा, पण बाजारातला माल बहुतेक नायलॉनचा. मे महिन्यात जळगावहून मुंबईपर्यंतच पाठीमागची बाजू घामाने चिंब होते आणि आतल्या नोटा एकमेकींना चिकटतात. मागे सुती कापड किंवा जाळी असलेलाच घ्या. पुढे-मागे सरकणारं प्लास्टिकचं बक्कल विमानाच्या सीटवर पाठीत रुततं, ते बाजूला येईल असं बसवून घ्यावं. हाच पट्टा लोक शर्टावरून बांधतात आणि प्रत्येक तिकिटाला उघडतात, तेव्हा त्याचा उपयोग संपतो. बार्सिलोनाच्या रांब्लासवर, पॅरिसच्या मेट्रोत किंवा रोमच्या ६४ नंबरच्या बसमध्ये खिसेकापू गर्दीत हेच बघत असतात, की कोणाचा हात पुन्हा पुन्हा कुठे जातो.

हज-उमऱ्याचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळणारा एहरामचा पट्टा हा वेगळाच माल आहे. एहरामच्या, म्हणजे यात्रेत पुरुष नेसतात त्या न शिवलेल्या कापडाला खिसाच नसतो, त्यामुळे हा पट्टा भक्कमच करावा लागतो. रुंद पट्टी, चांगली चेन, दोन-तीन कप्पे, आत टिचबटणं. टुरिस्ट म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्ट्यापेक्षा याची शिलाई बरीच सरस. अडचण एवढीच की जाड असल्याने शर्टाखाली फुगून दिसतो. जो एहराममध्ये जाणार, त्याने दुसरं काही शोधू नये. इतरांनी पुढे वाचावं.

सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे शिंप्याकडून करून घेतलेला चोरखिसा. खेड्यातल्या बंडीला पूर्वी असायचा तोच. पँटला आतून, कमरपट्टीच्या खाली, पुढच्या डाव्या बाजूला लटकता खिसा शिवून घ्यायचा. पासपोर्ट १२५ बाय ८८ मिलिमीटरचा असतो, म्हणून खिसा शिवून झाल्यावर आतून १४ बाय साडेदहा सेंटीमीटर भरला पाहिजे. कमी ठेवला तर पासपोर्टचे कोपरे दुमडतात आणि जास्त ठेवला तर तो आत आडवा होऊन मांडीला टोचतो. कापड पॉपलिन किंवा मांजरपाट, दुहेरी. कापड शिवायच्या आधी एकदा धुऊन घ्यायला सांगा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल आणि मापाचा सगळा हिशोब फसेल. वर बारीक नायलॉनची चेन लावा. वेल्क्रो नको, उघडताना आवाज होतो आणि सुती कापडाचे दोरे ओढतो. खिशाची वरची कड कमरपट्टीच्या आतल्या पट्टीला दोन ओळींची शिलाई मारून धरायची. खालची कड मोकळी राहू द्यायची, तरच बसता-उठता ताण येत नाही.

शिंपी सहसा एक चूक करतात. खिसा पँटच्या बाहेरच्या कापडाला धरून शिवतात. मग बाहेरून शिलाईची चौकट दिसते आणि चोराला पत्ता मिळतो. आधीच सांगून ठेवा, ‘बाहेरून टाका दिसायला नको’.

साडी नेसणाऱ्यांसाठी परकराचा खिसा. नेफ्याच्या खाली तीन-चार इंचांवर, उजव्या बाजूला, म्हणजे निऱ्यांच्या घोळात येत नाही. सलवारलाही तसाच. दोन परकर आणि दोन सलवारींना खिसे करून घ्यावेत, कारण एक धुवायला पडला की त्या दिवशी पासपोर्ट पर्समध्ये जातो. शिलाई एका खिशाला शंभर-दीडशे रुपये. लग्नसराईत शिंप्याला दोन आठवडे आधी सांगितलेलं बरं, ऐनवेळी गेलं की ‘काही व्हत नही भाऊ, उद्या या’ असं आठवडाभर ऐकावं लागतं.

खिशात पासपोर्ट साध्या झिपलॉक पिशवीत ठेवायचा. घामाने व्हिसाच्या स्टिकरची कड सुटू लागली की तिकडचा अधिकारी पासपोर्ट दहा वेळा उलटसुलट करतो. सोबत एक जादा कार्ड आणि मोठ्या नोटा. हा खिसा रस्त्यात उघडायचा नाही, हॉटेलात किंवा टॉयलेटमध्येच. दिवसभराच्या खर्चाचे पैसे आणि एक कार्ड वेगळ्या छोट्या पाकिटात, पुढच्या खिशात. ते मारलं गेलं तरी त्या दिवसापुरतंच नुकसान.

कुलपाकडे वळू. लाल हिऱ्याचं चिन्ह असलेलं टीएसए कुलूप अमेरिकेला जाताना घ्यावं, कारण तिथले तपासणीस स्वतःकडच्या चावीने उघडतात आणि बॅग फोडावी लागत नाही. पण ते चोराला अडवतं असं समजू नका. त्या चाव्यांचे फोटो २०१४ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्रात छापून आले आणि पुढच्याच वर्षी थ्रीडी प्रिंटरवर चाव्या तयार झाल्या. त्याहून सोपी वाट कुलपाला बगल देते. साधी नायलॉनची चेन बॉलपेनाच्या टोकाने दातांमधून उघडते, आणि कुलूप लावलेले चेनचे दोन्ही रनर एकदा चेनभर फिरवले की ती पुन्हा जुळते. बॅगेला काही झाल्याचं कळतही नाही. म्हणून चेनच्या बॅगेत मौल्यवान वस्तू ठेवायच्याच नाहीत, किंवा चेनऐवजी खटक्यांनी बंद होणारी कडक बॅग घ्यायची. कुलपासोबत रंगीत प्लास्टिकची केबल टाय लावा, शंभरचं पाकीट ऐंशी-शंभर रुपयांत मिळतं. ती तुटलेली दिसली तर बॅग उघडली गेली हे विमानतळावर सामान येतं त्या पट्ट्यावरच समजतं. सोबत बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात बोथट टोकाची छोटी कात्री, नाहीतर हॉटेलात टाय दाताने तोडायची वेळ.

आकड्यांच्या कुलपाचं एक सांगायला हवं. आकडा बदलताना रीसेटचं बटण किंवा कळ दाबलेली असताना चाक अर्धवट फिरलं की भलताच आकडा बसतो आणि कुलूप कायमचं बंद. बदल करताना कुलूप उघडं ठेवा, नवा आकडा लावून कळ सोडा, मग दोनदा बंद-चालू करून बघा. तीन चाकांच्या कुलपात एकूण हजारच आकडे असतात, फुरसतीत बसलेला माणूस अर्ध्या तासात उघडेल.

खान्देशातून जाणाऱ्यांचा पहिला धोका परदेशात नसतोच, तो मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत असतो. बर्थखालच्या कडीला साखळी बांधताना ती बॅगेच्या वरच्या कापडी मुठीतून घालू नका, ती मूठ एका ब्लेडची धनी. ट्रॉलीच्या दांड्याच्या चौकटीतून घाला. पासपोर्टची हँडबॅग उशाशी नव्हे, अंगाखाली. कल्याण-दादरला पहाटे उतरायच्या गडबडीत बॅगा मोजायचं काम एकाच माणसाकडे द्या.

लोकेशन टॅग मात्र पैसे वसूल करतो. ॲपलच्या एअरटॅगला आयफोनच हवा. सॅमसंगचा स्मार्टटॅग गॅलेक्सीलाच जोडतो. बाकी अँड्रॉइडवाल्यांनी गुगलच्या फाइंड हबवर चालणारा टॅग मागावा. टॅगमध्ये सिम नसतं. जवळून जाणारे दुसऱ्यांचे फोन त्याची खूण पकडून जागा कळवतात. म्हणूनच गोलाणीत दोन-तीनशेला मिळणारे, स्वतःचं कुठलं तरी ॲप लागणारे टॅग बॅगेसाठी कामाचे नाहीत: ते ॲप वापरणारं आसपास कोणी नसतं. तुमचा फोन दहा-वीस मीटरांत असेल तरच ते सापडतात. खोक्यावर ‘फाइंड माय’ (ॲपलचं) किंवा ‘फाइंड हब’ लिहिलेलं आहे का बघून घ्या. यावल-शहाद्याकडे घरी बसून एअरटॅग तपासला तर जागा तासनतास जुनीच दिसते आणि लोक तो परत करायला निघतात. टॅग बिघडलेला नसतो, आसपास आयफोन कमी असतात. दुबई किंवा फ्रँकफर्टच्या विमानतळावर तोच टॅग भराभर जागा सांगतो. सेल सीआर२०३२. यात एक खोच आहे: मुलांनी गिळू नये म्हणून काही कंपन्या सेलवर कडू लेप देतात, तो लेप असलेला सेल एअरटॅगला नीट चिकटत नाही आणि टॅग बंद पडतो. बॅगेच्या तळाशी, अस्तराच्या आत ठेवा, मुठीला लटकवू नका.

पॉवरबँक चेक-इन बॅगेत चालत नाही, फक्त केबिनमध्ये. मर्यादा १०० वॉट-तास, म्हणजे २०,००० एमएएचची (७४ वॉट-तास) बिनधास्त जाते, १०० ते १६० पर्यंतच्या पॉवरबँकला विमान कंपनीची परवानगी लागते. ज्यावर क्षमता छापलेली नाही किंवा पुसली गेली आहे ती काढून घेतात. काही कंपन्यांनी २०२५ पासून विमानात ती वापरायलाच बंदी केली आहे.

आता फुकटची आणि सगळ्यात मोलाची वस्तू: बँकेच्या ॲपमधले स्विच. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांसाठी चालू असतं, परदेशी, ऑनलाइन आणि टॅपचे व्यवहार ग्राहकाला स्वतः चालू करावे लागतात. एजंट सांगतो ‘सगळं ऑन करून घ्या’. तसं करू नका. परदेशी स्वाइप आणि एटीएम चालू ठेवा, रोजची मर्यादा गरजेपुरती लावा. परदेशी ऑनलाइन बंदच ठेवा, कारण बाहेरच्या कित्येक वेबसाइट ओटीपी मागत नाहीत. हॉटेल बुकिंगसाठी लागलं तर पाच मिनिटं चालू करून पुन्हा बंद. पगार किंवा कापसाचे पैसे ज्या खात्यात येतात त्याचं डेबिट कार्ड नेऊच नका. त्याऐवजी फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन आधीच भरून न्यायचं कार्ड, त्यात लागेल तेवढीच रक्कम. बऱ्याच कंपन्या दोन कार्डं देतात. दुसरं दुसऱ्याच माणसाच्या चोरखिशात हवं. एकाच पाकिटात दोन्ही ठेवली तर दुसऱ्याचा उपयोग काय?

मशीन ‘रुपयांत की युरोत’ विचारेल, तेव्हा युरो. रुपये निवडले की दर त्या दुकानदाराची बँक किंवा मशीनवाली कंपनी ठरवते.

कार्ड गेलं की पहिली पाच मिनिटं ते बंद करायची, पोलीस नंतर. इथे लोक अडकतात ते नंबरावर. कार्डामागचा १८०० ने सुरू होणारा टोल-फ्री परदेशातून लागत नाही. निघण्याआधी बँकेचा +९१ ने सुरू होणारा नंबर कागदावर लिहून घ्या, फोनमध्ये नको, फोन तर गेलेला असू शकतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची ना तुमची अशी फसवणूक झाली आणि बँकेने कळवल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही तक्रार केली तर तुमच्यावर भार शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत केली तर खात्याच्या प्रकारानुसार मर्यादित भार. पिन किंवा ओटीपी स्वतः सांगितला असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान तुमचं.

फोनमध्ये तीन गोष्टी. सिमला पिन लावा, नाहीतर चोर तुमचं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी वाचतो. आधी मूळ पिन कंपनीला विचारा, तीन वेळा चुकला की सिम पीयूके (कंपनीकडचा अनलॉक कोड) मागतं. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. आयफोनवर ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’, अँड्रॉइडवर ‘थेफ्ट डिटेक्शन लॉक’ चालू करा. गुगल खात्याचे बॅकअप कोड छापून चोरखिशात.

कागदपत्रांची गळती बहुतेक वेळा गावातच सुरू होते. झेरॉक्सच्या दुकानात पासपोर्टचा फोटो व्हॉट्सअपवर पाठवला की तो त्यांच्या कॉम्प्युटरवर राहतो, डाउनलोड आणि रिसायकल बिन दोन्हीतून समोर उभं राहून पुसून घ्यावा. टूरच्या ग्रुपवर चाळीस जणांचे पासपोर्ट टाकायची पद्धत तर बंदच करायला हवी. एजंटला थेट पाठवा. बुकिंगसाठीच्या प्रतीवर ‘फक्त अमुक टूरसाठी’ आणि तारीख आडवी लिहा, व्हिसाच्या अर्जाला मात्र कोरी प्रत लागते. आधार कुठे द्यावंच लागलं तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. बोर्डिंग पासचा फोटो स्टेटसला टाकू नका, बारकोडमध्ये नाव आणि पीएनआर दोन्ही असतात. आणि ‘परदेशवारीच्या हार्दिक शुभेच्छा’ असा चौकातला फ्लेक्स हा घर पंधरा दिवस रिकामं असल्याचा जाहीरनामा आहे, तो परत आल्यावर लावायला मित्रांना कोण अडवतंय? बॅगेच्या टॅगवरही घरचा पत्ता नको. नाव, +९१ सह मोबाइल, ईमेल पुरे, आणि तोच कागद बॅगेच्या आतही.

जळगावकरांना सोन्याबद्दल काय सांगावं, पण अंगावरचं कमीत कमी न्या. न्यायचंच असेल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. दागिना आणि पावती किंवा मूल्यांकनाचा दाखला दोन्ही दाखवावं लागतं, म्हणून दागिना चेक-इन बॅगेत टाकू नका आणि नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा. हा कागद नसेल तर परतीला ‘हे इथूनच नेलं होतं’ हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं.

प्रवास विमा घेताना लोक शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या, ३०,००० युरोंच्या वैद्यकीय कवचापुरतं बघतात. सामानाचं पान वेगळं वाचा. एका वस्तूला किती मर्यादा, रोख आणि दागिने धरलेत का, आणि ‘अनअटेंडेड’ म्हणजे लक्ष न ठेवलेल्या सामानाची अट काय. लॉबीत बॅग ठेवून नाश्त्याला गेलात आणि ती गेली, तर दावा बहुधा तिथेच अडतो. विमान कंपनीने बॅग हरवली किंवा फोडली तर सामानाच्या पट्ट्याजवळच्या काउंटरवर पीआयआर हा तक्रारअर्ज भरल्याशिवाय बाहेर पडू नका. विमानप्रवासाच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारानुसार मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, बॅग उशिरा आली तर ती मिळाल्यापासून २१ दिवसांत. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. पासपोर्ट गेला तर पोलिसांचा अहवाल घेऊन भारतीय दूतावास गाठायचा. परत येण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट तिथे मिळतं, पण त्यावर पुढचा देश बघता येत नाही. पोलिसांच्या अहवालात गेलेली प्रत्येक वस्तू नाव आणि किमतीसह लिहून घ्या, फोन असेल तर *#०६# डायल करून आधीच टिपलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबरही. नंतर आठवलेली वस्तू विमा कंपनी सहसा धरत नाही.